शेऱ्याचा रकाना



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत. 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करून, चार माणसांनी एकत्र बसून एकाचे शांतपणे ऐकायचे ही सवय ज्यांनी महाराष्ट्राला लावली, त्यांच्याच नावाने बोलायचे म्हणजे जबाबदारी मोठी आहे. मी विद्वान नाही. महसूल खात्यात 34 वर्षे नोकरी केली. नायब तहसीलदार म्हणून लागलो आणि अपर जिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. रानड्यांच्या अर्थशास्त्रावर किंवा प्रार्थना समाजावर बोलणारे अभ्यासक या शहरात पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते रानड्यांच्या नोकरीविषयी. रानड्यांनी जवळजवळ सगळे कर्ते आयुष्य सरकारी पगारावर काढले, तेही परक्या सरकारच्या. तरीही त्यांच्या काळातल्या प्रत्येक मोठ्या सार्वजनिक प्रश्नावर त्यांचे मत होते आणि ते लोकांना माहीत होते. हे त्यांनी कसे साधले आणि त्याची काय किंमत दिली, हा माझा विषय. आणि त्या निमित्ताने, आज तलाठ्यापासून सचिवापर्यंत जो कोणी सरकारी खुर्चीवर बसतो, त्याला स्वतःचे प्रामाणिक मत बोलण्याची किती मोकळीक आहे, हाही.

रानड्यांना पहिला धडा नोकरीच्याही आधी मिळाला. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि इंग्रजी अंमल त्या तुलनेत उणा ठरवला. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट विद्वान होते, रानड्यांवर त्यांचा लोभही होता. त्यांनी बोलावून समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. निबंधातली कोणती विधाने चुकीची आहेत हे दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. ज्या व्यवस्थेच्या पैशावर शिकतोस तिला नावे ठेवू नयेस, एवढाच मुद्दा होता. हा मुद्दा मी पुढे माझ्या नोकरीत निरनिराळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकला, की ग्रँटसाहेब अजून मंत्रालयात कुठल्यातरी मजल्यावर बसतात असे वाटावे. खरे-खोटे राहते बाजूला आणि अन्न कोणाचे खातोस एवढेच विचारले जाते.

1871 मध्ये रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी निघाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, सभेचा चेहरा होते आणि रानडे सभेचे डोके होते. 1876-77 च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडण्याचे जे काम सभेने केले त्यामागे रानडे होते. 1878 पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यातला मोठा भाग त्यांनीच लिहिला आणि त्या लेखांखाली सही नसे. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी सरकारी शाळेचे हेडमास्तर. पुढे गोखल्यांनी वेल्बी कमिशनपुढे दिलेल्या साक्षीची आकडेवारी ज्यांनी रचून दिली ते हेच. त्यांचेही लेखन याच त्रैमासिकात निनावी येत असे. शेतसारा, जंगलखाते, मिठावरचा कर, चलन, या विषयांवर त्या काळच्या महाराष्ट्रात झालेला सर्वांत सखोल विचार सरकारी नोकरांनी रात्री दिव्याच्या उजेडात बसून केला आहे. त्यांना ते सुचले, कारण दिवसभर तेच कागद त्यांच्या हाताखालून जात होते. जंगलाचा कायदा वाईट आहे असे कोणीही म्हणू शकतो. पण तो कोणत्या कलमाने, कोणत्या गावात, कोणाच्या जळणावर आणि कोणाच्या शेळीवर येतो हे सांगायला त्या कलमाखाली निवाडे दिलेला माणूस लागतो.

त्यांच्याही आधी लोकहितवादी. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, तेव्हा 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये त्यांनी शतपत्रे लिहिली. ती आपल्याच समाजावर, आपल्याच जातीवर होती. टोपणनावामुळे सरकारचा रोष टळला असेल. पण ते टोपणनाव मुख्यतः शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रोषासाठी होते असे मला वाटते. अधिकाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणारे फक्त वरिष्ठच असतात असे नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि पुण्यातल्या प्रत्येक सुशिक्षित ब्राह्मणाकडे सरकार संशयाने पाहू लागले. रानड्यांना आदल्याच वर्षी पुण्याहून नाशिकला हलवले होते. तिथून आता धुळ्याला पाठवले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ते दिवस लिहून ठेवले आहेत. नवऱ्याची टपाले फोडून, वाचून मग हाती येत. बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रे येत. रानडे ती तशीच पोलिसांकडे पाठवून देत. 37 वर्षांचा न्यायाधीश, ज्याच्या निवाड्यात कोणी खोट काढली नव्हती, तो रोज सकाळी आपलीच फोडलेली पाकिटे उघडत होता. पुढे अविश्वास ओसरला. त्याच रानड्यांना सरकारने 1885 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात घेतले, 1886 च्या वित्त समितीवर नेमले आणि 1893 मध्ये तेलंगांच्या निधनानंतर उच्च न्यायालयात बसवले. दरम्यान 1885 च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा रानडे तिथे हजर होते. सरकारी नोकर असल्यामुळे प्रतिनिधी म्हणून नाव घालता येईना. मग ऐकणारे आणि सल्ला देणारे म्हणून बसायची वाट काढण्यात आली. त्या सरकारची मी तारीफ करत नाही. ते सरकार आपले नव्हते आणि त्याने टिळकांना तुरुंगात घातले. पण रानड्यांचे मत पटत नसतानाही त्यांच्या कामाची पत त्या सरकारला मोजता आली, एवढे मान्य करायला हरकत नसावी. आणि मग एक प्रश्न उभा राहतो. परक्या सरकारच्या नोकराला जेवढे बोलता आले, तेवढे आपल्या सरकारच्या नोकराला आज बोलता येते का?

नियम काय म्हणतात ते आधी पाहू. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत, त्यात नववा नियम. अखिल भारतीय सेवांसाठी 1968 चे नियम आहेत, त्यात सातवा. महाराष्ट्राचे 1979 चे नियम आहेत. तिन्हींचा आशय एकच. आपल्या नावाने, टोपणनावाने, निनावी किंवा दुसऱ्याच्या नावाने, लेखात, भाषणात किंवा वर्तमानपत्राशी बोलताना, शासनाच्या चालू किंवा नजीकच्या काळातील धोरणावर प्रतिकूल टीका ठरेल असे वस्तुस्थितीचे किंवा मताचे विधान करायचे नाही. 'वस्तुस्थितीचे' या शब्दावर थोडा विचार करा. विधान खरे आहे, कागदोपत्री सिद्ध आहे, हा बचाव इथे नाही. आणि मनाई फक्त प्रतिकूल मताला आहे. एखादा अधिकारी व्यासपीठावर उभा राहून शासनाच्या धोरणाची वाहवा करू लागला तर त्या नियमाला त्याचे काही वाटत नाही. पण तेही मतच आहे. अधिकाऱ्याने निष्पक्ष राहायचे असेल तर स्तुतीनेही निष्पक्षता तेवढीच बिघडते. म्हणून नियमाचा हेतू निष्पक्षता जपण्याचा आहे, हे मला कधी पटले नाही.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने समाजमाध्यमांसाठी शासन निर्णय काढला. वैयक्तिक खाते आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, द्वेष पसरवणारे काही लिहू नका. हे सगळे रास्तच आहे. पण त्यातच शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये हेही पुन्हा आले, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांना लागू झाले. म्हणजे ज्या अंगणवाडीत वजनकाटा बंद आहे, त्या अंगणवाडीचे काम पाहणाऱ्या बाईंनी आपल्या मोबाईलवर तसे लिहावे की नाही, या विचाराने त्यांचा अंगठा थबकणार.

न्यायालये नियमांइतकी कठोर नाहीत. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले, की नोकरी पत्करली म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. त्याच वर्षी मुंबईतल्या केंद्रीय लेखा कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितले. 2020 मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने, एका महिला कर्मचाऱ्याच्या फेसबुकवरील मजकुरामुळे चाललेली कारवाई रद्द करताना, सरकारी नोकरालाही मत मांडण्याचा हक्क आहे असे म्हटले. पण न्यायालयात जिंकणे वेगळे आणि तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणे वेगळे. कारणे दाखवा नोटीस, विभागीय चौकशी, निलंबन ही हत्यारे क्वचितच उपसावी लागतात. बदली पुरते. मुलांची शाळा, आईचे औषधपाणी, बायकोची नोकरी, सगळे एका कागदाने मोडते आणि त्या कागदावर 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच लिहिलेले असते. तीन वर्षांच्या मुदतीचे संरक्षण देणारा बदल्यांचा कायदा महाराष्ट्राने 2005 मध्ये केला. तो झाला नसता तर परिस्थिती आणखी वाईट असती.

आता मी ज्या गोष्टीसाठी इथे आलो तिच्याकडे वळतो. बाहेर बोलण्याची बंदी हा या दुखण्याचा दिसणारा भाग आहे. खरे दुखणे आत आहे, नस्तीवर. अधिकाऱ्याने आपले मत लिहावे म्हणूनच तर नस्ती असते. लिपिक टिप्पणी मांडतो, कक्ष अधिकारी शेरा लिहितो, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी ती वर चढते. दर पायरीवर एका माणसाने या प्रश्नाकडे स्वतःच्या डोक्याने पाहिले आहे असे त्या सहीचा अर्थ सांगतो. आता प्रत्यक्षात काय लिहिले जाते ते ऐका. 'आदेशार्थ सादर.' 'मान्यतेस्तव सादर.' 'चर्चेनुसार पुनश्च सादर.' 'नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी.' कोणाशी चर्चा, काय चर्चा, कोणता नियम, उचित म्हणजे काय, काही कळत नाही. आणि कोणी चुकून स्पष्ट मत लिहिलेच, तर नस्ती एका शेऱ्यासह परत येते. 'कृपया बोला.' मग आपण वर जाऊन बोलतो. बोलून आल्यावर तो टिप्पणीचा कागद बदलतो.

सरदार पटेलांनी 10 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत याविषयी जे सांगितले ते प्रशासनातल्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत सांगितले जाते आणि प्रत्येक कार्यालयात विसरले जाते. सनदी सेवांना घटनेत संरक्षण द्यावे की नाही यावर वाद चालला होता. अनेक सदस्यांचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता, कारण कालपर्यंत याच अधिकाऱ्यांनी त्यांना तुरुंगात टाकले होते. पटेल स्वतः त्या तुरुंगांत राहून आलेले. ते म्हणाले, की माझा सचिव आज माझ्या मताविरुद्ध टिप्पणी लिहू शकतो, ते स्वातंत्र्य मी माझ्या सगळ्या सचिवांना दिले आहे. मंत्री नाराज होईल या भीतीने जो प्रामाणिक मत देणार नाही त्याने निघून जावे, मी दुसरा सचिव आणीन. पटेलांना मऊ माणूस कोणीही म्हणणार नाही. निर्णय त्यांचाच असे आणि तो झाल्यावर अंमल लोखंडासारखा होत असे. पण निर्णयाआधी समोरच्याचे खरे मत मिळाले नाही, तर आपण आंधळे आहोत हे त्यांना ठाऊक होते. पाचशेहून अधिक संस्थानांचे विलीनीकरण मान हलवणाऱ्यांच्या भरवशावर झालेले नाही.

माहितीचा अधिकार आला तेव्हा या नस्तीची खिडकी उघडली. 2005 च्या कायद्यात 'माहिती' या शब्दाची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत अभिलेख, ज्ञापने यांच्याबरोबर 'मते' आणि 'सल्ले' हे शब्दही आहेत. त्या व्याख्येचा मला फार आधार वाटतो. अधिकाऱ्याचे मत हीसुद्धा लोकांच्या मालकीची माहिती आहे असे संसदेने लिहून ठेवले. वर्षभरातच नस्तीवरील टिप्पण्या वगळाव्यात असा प्रस्ताव आला. उघड झाल्या तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत, असे कारण दिले गेले. 2006 च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे त्याविरुद्ध आळंदीला उपोषणाला बसले आणि तो प्रस्ताव मागे पडला. मी तेव्हा नोकरीत होतो. माझा अनुभव त्या कारणाच्या अगदी उलट आहे. ज्याला सरळ लिहायचे असते त्याला नस्ती उद्या लोक वाचतील याचाच आधार असतो. वरून दबाव आला तर तो शांतपणे म्हणू शकतो, साहेब, हे उघड होणार आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांवर काम करू नका, ते लेखी नोंदवा, असे सांगितले. त्याचाही उपयोग झाला. फोनवरून येणारे आदेश कमी झाले असे मी म्हणणार नाही. पण 'लेखी द्या' म्हणणाऱ्याच्या हातात एक कागद आला.

आणि तरीही, आत लिहिलेले ऐकलेच गेले नाही तर? 2012 साली नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता असलेले विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्र लिहून सिंचन प्रकल्पांचे वाढते खर्च, कामांचा दर्जा आणि उपसा सिंचन योजनांची अवस्था मांडली. राज्याच्या आर्थिक पाहणीतले आकडे त्याच वर्षी चर्चेत होते, दहा वर्षांत हजारो कोटी खर्चूनही सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण जेमतेम हलल्याचे ते आकडे. पत्र काही महिन्यांनी बाहेर आले. त्यानंतर उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी, हे सगळे घडले. त्या प्रकरणात कोण किती दोषी हे ठरवण्याची ही जागा नाही. मला दिसते ती वेगळीच गोष्ट. पांढरे यांनी जे लिहिले ते शेकडो अभियंत्यांना ठाऊक होते. प्रत्येक सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या कागदावर कोणाची ना कोणाची सही होती. त्या सह्यांच्या वर मताची जागा कोरी राहिली, म्हणून एका माणसाला सगळ्यांचे मत एकट्याने लिहावे लागले. त्याने पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली. ही व्यवस्था टिकाऊ नाही. शंभर जणांनी थोडे थोडे खरे लिहिले असते तर एकाला धाडस करावे लागले नसते.

धाडसाची किंमत कधी किती असते तेही सांगायला हवे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते. बिहारमधल्या महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांविषयी त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती पाळली गेली नाही. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीचा प्रकार ठरवला आणि शिक्षाही त्यातच झाल्या. पण नाव गुप्त ठेवा या साध्या विनंतीचा मान राखला गेला नाही, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जात नाही. पुढे 2014 मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अमलात आणण्याची तारीख काही जाहीर होईना.

आता दुसरी बाजू. ती मला हलकी वाटत नाही. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर बसलेल्या अधिकाऱ्याने आपण कोणत्या पक्षाचे हे आदल्या रात्री लिहिलेले असेल, तर त्याच्या हातून पार पडलेले मतदान कोण मानणार? ज्या पोलीस निरीक्षकाने एखाद्या समाजाविषयी आपले प्रामाणिक मत चारचौघांत सांगितले आहे, त्याच्याकडे त्या समाजाची बाई तक्रार घेऊन कशी जाईल? प्रामाणिकपणा ही इथे सबब होऊ शकत नाही. प्रामाणिक द्वेष हा द्वेषच. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या हक्काचा निवाडा आहे त्याने त्या दुसऱ्याला भीती वाटेल असे बोलू नये, हे बंधन मी मनापासून मानतो, नोकरीत मानले आणि आजही मानतो. लोकांनी निवडलेल्या सरकारने पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आपल्याला पटला नाही म्हणून अंमल ढिला करणारा अधिकारीही मला मान्य नाही. पण शासनाच्या पाणी योजनेत पाणी येत नाही असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आणि गावातल्या एका आळीविषयी गरळ ओकणाऱ्या अधिकाऱ्याला आपले नियम एकाच मापाने मोजतात. किंबहुना पहिल्याला जास्त. दुसऱ्याच्या बोलण्याने शासनाची अडचण होत नाही ना.

नियम बदलायचाच असेल तर मी तीन गोष्टी विचारीन. बोलला ते खरे होते का? त्याच्याकडे येणाऱ्या नागरिकाचा विश्वास त्याने मोडला का? आणि बाहेर बोलण्याआधी आत लिहून झाले होते का? 'धोरणावर टीका' हे शब्द नियमातून काढून टाकावेत. धोरण हे काही देवघर नव्हे. ते राबवणाऱ्याला त्याच्या भेगा सर्वांत आधी दिसतात.

साहित्याला नियमांनी मुभा दिली आहे, आणि मराठीने तिचा चांगला उपयोग केला आहे. विश्वास पाटील महसूल सेवेत होते तेव्हा त्यांनी 'झाडाझडती' लिहिली. धरणात गाव गेलेल्या माणसांची ती कादंबरी, 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी ती एकमेकांच्या हातून घेऊन वाचली, कारण पुनर्वसनाच्या नस्त्यांमध्ये जे लिहायची सोय नव्हती ते तिथे लिहिलेले होते. मला तिचा अभिमान वाटतो आणि त्याचबरोबर रुखरुखही लागते. खरे सांगायला सरकारी माणसाला कादंबरीकार व्हावे लागू नये. सगळ्यांना तेवढी प्रतिभा नसते.

रानड्यांच्या स्मृतिव्याख्यानांमध्ये एक व्याख्यान सर्वांच्या लक्षात आहे. 18 जानेवारी 1943 रोजी, रानड्यांच्या 101 व्या जयंतीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात गोखले सभागृहात बोलले. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. म्हणजे पदावर होते. गांधीजी त्याच पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. बाबासाहेबांनी रानड्यांची तुलना गांधी आणि जीना या दोघांशी केली, दोघांच्याही राजकारणावर कठोर टीका केली आणि वर्तमानपत्रे विभूतिपूजा वाढवतात असेही सुनावले. सरकारला यात खुपण्यासारखे फारसे नव्हते हे खरे. पण सभागृहाबाहेरचे सगळे पुणे, सगळा देश त्या वेळी कोणत्या भावनेने पेटला होता हे आठवा. त्या भाषणावर प्रचंड टीका झाली आणि त्यांनी ते तसेच छापले. मघाशी लोकहितवादींविषयी बोललो तेच पुन्हा. पदावरच्या माणसाला वरच्याची भीती असते तशी गर्दीचीही असते, आणि मंत्र्याला नाही म्हणू शकणारे कित्येक अधिकारी गर्दीपुढे गप्प बसतात.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती मी यापूर्वी कोणत्याही व्यासपीठावर सांगितलेली नाही.

नोकरीचे दुसरे वर्ष. पर्जन्यछायेतला तालुका. तहसीलदार रजेवर होते आणि पदभार माझ्याकडे होता. पैसेवारीचे दिवस होते. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. गावात पीक किती आले हे रुपयात किती पैसे अशा मापाने ठरवतात. जुनी माणसे त्याला अजून आणेवारी म्हणतात. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि वर्षाच्या शेवटी अंतिम. आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर टंचाई. मग सारा सूट, कर्जवसुली थांबणे, मुलांची परीक्षा फी माफ, हे सगळे त्या एका आकड्यावर. तलाठी, मंडळ अधिकारी आणि गावची समिती मिळून तो आकडा काढतात. पीक कापणी प्रयोग असतो, वजन असते, पण शेवटी ते एका माणसाचे मत असते. रोज त्या शिवारातून चालणाऱ्या माणसाचे.

एका गावचे तलाठी वयस्क होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी 41 पैसे लिहिले होते. वरून तोंडी निरोप आला, या पट्ट्यातली गावे पन्नासच्या वर हवीत. मी तात्यांना बोलावले. ते उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी म्हणालो, तात्या, आकडा परत बघा. ते म्हणाले, "रावसाहेब, बघूनच लिवलाय. बदलायचा आसंल तर मला लेखी द्या." मला कोणी लेखी दिलेले नव्हते. मी कुठून देणार? मी त्यांना परत पाठवले आणि संध्याकाळी दार लावून घेऊन तो आकडा स्वतः बदलला. 53 केला. मला कोणी धमकी दिली नव्हती. मी 26 वर्षांचा होतो आणि माझा परिवीक्षा कालावधी संपायचा होता. तात्यांची पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. त्या गावाला त्या वर्षी काहीही मिळाले नाही.

पुष्कळ वर्षांनी मी त्याच उपविभागात प्रांत म्हणून आलो. तहसील कार्यालयाची तपासणी होती. अभिलेख कक्षात नष्ट करावयाच्या कागदांचे गठ्ठे काढून ठेवले होते, त्यात पैसेवारीची जुनी पत्रके होती. मी ते वर्ष शोधले. पत्रक सापडले. तात्यांचा 41 लाल शाईने खोडलेला होता, पण स्पष्ट वाचता येत होता. त्याच्यासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते: आश्लेषा कोरडी, मघा कोरडी, बाजरी फुलोऱ्यात करपली, ओढ्याकाठची सात शेते वगळता कणसात दाणा नाही. खाली सही आणि तारीख.

त्याच्या वर माझा 53. माझ्या आकड्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात काहीही लिहिलेले नव्हते.